फिफ्थ व्हील ओढताना ट्रकचा फाळका काढावा का?

मे महिना उजाडला की टेक्सासमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत फिरत्या घरांच्या गप्पा सुरू होतात. कुणी नवीन फिफ्थ व्हील ट्रेलर (पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या भागात जोडून ओढायचं फिरतं घर) घेतलेला असतो, कुणी घ्यायच्या विचारात असतो. ट्रेलर दारात आला की पहिल्या आठवड्यात हमखास एक प्रश्न येतो: ट्रकचा मागचा फाळका काढून गॅरेजमध्ये ठेवायचा की राहू द्यायचा? इथे त्याला टेलगेट म्हणतात. मार्केट यार्डात टेम्पो लागला की ‘फाळका पाड’ अशी आरोळी ऐकू येते, तोच हा फाळका. म्हणून मी इथे तोच शब्द वापरते, आणि ट्रकच्या मागच्या उघड्या भागाला हौदा म्हणते.

माझं उत्तर आधीच सांगते. बहुतेकांनी फाळका काढू नये. जोडायचा आणि सोडायचा क्रम अंगवळणी पाडावा आणि फाळका जागेवर ठेवावा. मी स्वतः दोन्ही करून पाहिलं आहे. एकदा फाळका वाकवला, त्या धसक्याने पुढचा अख्खा हंगाम तो घरी ठेवून फिरले, आणि मग परत बसवला. काढण्यामागे काही ठिकाणी खरी कारणं असतात, तीही पुढे येतील. पण निर्णय घेण्याआधी हातात मोजपट्टी घ्यायला हवी.

फाळका नेमका कुठे आडवा येतो

फिफ्थ व्हीलची जोडणी हौद्याच्या आत होते. मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा सांधा, बसवलेला असतो. ट्रेलरचं नाक हौद्यावर पुढे आलेलं असतं. त्या नाकाखालून एक लोखंडी पेटी खाली उतरते, तिला पिनबॉक्स म्हणतात, आणि तिच्या तळाशी २ इंच व्यासाचा किंगपिन असतो. तो हिचच्या जबड्यात अडकतो. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनर ओढणाऱ्या गाड्या पाहिल्या असतील तर तत्त्व तेच आहे. फक्त त्या गाड्यांना हौदा नाही आणि फाळकाही नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

पिनबॉक्सचा तळ बंद फाळक्याच्या वरच्या कडेपेक्षा काही इंच खाली असतो. ट्रक मागे घेऊन पिन हिचपर्यंत आणताना, किंवा सोडल्यावर ट्रक पुढे काढताना, ही पेटी फाळक्याच्या जागेतूनच जाते. तेव्हा फाळका वर असेल तर टक्कर ठरलेली. पण एकदा पिन जबड्यात बसला की पेटी फाळक्याच्या पुढे, हौद्याच्या आत असते. वळणावर ती हिचभोवती फिरते, फाळक्याकडे जात नाही. म्हणजे पेटी आणि फाळका यांची गाठ जोडण्या-सोडण्याच्या त्या चार-पाच मिनिटांतच पडते. बाकीचे शेकडो मैल त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

चालत्या गाडीत काळजी असते ती वेगळ्या गोष्टीची: ट्रेलरच्या नाकाचा तळ आणि हौद्याच्या कडा यांच्यातल्या फटीची. आणि इथेच फाळका काढण्याच्या बाजूचा सगळ्यात लोकप्रिय युक्तिवाद कोसळतो. फाळक्याची वरची कड आणि हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा जवळपास एकाच उंचीवर असतात. ट्रेलरचा तळ फाळक्याला टेकण्याइतका खाली आला तर तो बाजूच्या कडांच्या मागच्या कोपऱ्यांनाही टेकणारच. फाळका घरी ठेवून तुम्ही फाळका वाचवाल, हौदा वाचणार नाही.

मोजपट्टी लावून पाहा

हे मोजमाप ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरून करा. पाण्याची टाकी, गॅस, कपडे, भांडी, सगळं आत. ट्रकमध्येही डिझेल भरा, माणसं बसवा. रिकाम्या गाड्यांवर घेतलेलं माप फसवं असतं, कारण फिफ्थ व्हील आपल्या वजनाचा १५ ते २५ टक्के भार पिनवर टाकतो. १२,००० पौंडांचा ट्रेलर असेल आणि २० टक्के धरले, तर २,४०० पौंड ट्रकच्या मागच्या आसावर येतात. ट्रक मागून बसतो, कडा खाली जातात आणि फट बदलते.

सपाट जागेवर दोन्ही गाड्या एका सरळ रेषेत उभ्या करा. ट्रेलर पुढे-मागे समतल आहे का ते पाहा. मग बंद फाळक्याच्या वरच्या कडेपासून ट्रेलरच्या तळापर्यंत मोजा, आणि बाजूच्या दोन्ही कडांवर, पुढे आणि मागे, मोजा. साडेपाच ते सहा इंच फट ही सर्वसाधारणपणे किमान मानली जाते. फाळक्यावर प्लास्टिकची उंच पट्टी असेल तर माप तिच्या माथ्यापासून घ्या.

सहा इंच कशासाठी, ते हिशोबाने पाहू. आठ फुटी हौद्याच्या ट्रकमध्ये किंगपिनपासून फाळक्यापर्यंत साधारण ४८ इंच अंतर असतं. ट्रक आणि ट्रेलर यांच्यात ४ अंशांचा कोन झाला तर फाळक्यापाशी फट सव्वातीन इंचांहून थोडी जास्त कमी होते. ६ अंशांना पाच इंच जातात. ७ अंशांना जवळपास सहा. बाजूला कललात तरी तेच: मधल्या रेषेपासून हौद्याची कड ३३ इंचांवर धरली तर ५ अंशांच्या कलाला जवळपास तीन इंच जातात.

हा कोन कुठे होतो, याबद्दल बराच गोंधळ असतो. पेट्रोल पंपाच्या चढावर ट्रकचं नाक वर उचललं की फाळका टेकेल, असं अनेकांना वाटतं. उलट आहे. ट्रक हिचभोवती फिरतो. नाक वर गेलं की हिचच्या मागचा भाग, म्हणजे फाळका, ट्रेलरपासून लांब जातो. तेव्हा फट कमी होते ती केबिनच्या बाजूला. फाळक्याला धोका असतो तो उंचवट्यावर: रेल्वे फाटकावरचा रुळांचा उंच भाग ओलांडून ट्रक उताराला लागतो आणि ट्रेलर अजून चढावर असतो तेव्हा. खेड्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर अशी फाटकं पुष्कळ आहेत. तिथे पायी चालण्याच्या वेगाने जा.

फट चार इंच भरली तर? फाळका काढणं हे त्याचं उत्तर नव्हे. हिचची उंची एक छिद्र वर घेता येते का पाहा. बहुतेक हिचांना तशी सोय असते. ट्रेलरच्या पिनबॉक्सलाही वर-खाली सरकवायची भोकं असतात. ते केल्यावर ट्रेलर नाक वर करून चालतोय असं दिसलं तर ट्रेलरच्या आसांची उंची बदलावी लागते, आणि ते काम जाणकार वर्कशॉपकडून करून घ्या. आखूड हौद्याच्या ट्रकला केबिन आणि ट्रेलरचं नाक यांतलं अंतर हा आणखी एक प्रश्न असतो. त्यासाठी मागे सरकणारे हिच मिळतात. त्याचाही फाळक्याशी संबंध नाही.

डिझेल आणि वजन

फाळका काढला की हवेचा अडथळा कमी होऊन मायलेज वाढतं, असं मी निदान दहा जणांकडून ऐकलं आहे. रिकाम्या ट्रकच्या बाबतीतही ते खरं नाही. बंद फाळक्यामुळे हौद्यात हवेचा एक भोवरा साचून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकत जाते. मागे तेरा फुटांच्या आसपास उंचीची भिंत ओढत असताना तर फाळक्याचा हिशोबच उरत नाही. वजनाचंही तसंच. २,४०० पौंडांच्या पिनभारापुढे फाळक्याचं वजन किरकोळ आहे. ट्रकच्या भारक्षमतेची खरंच चिंता असेल तर चालकाच्या दारातल्या चौकटीवरचा स्टिकर वाचा आणि भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्या. हिचचं स्वतःचं वजन त्या भारात धरायला अनेकजण विसरतात.

काढल्यावर काय गमावता

आजचा फाळका म्हणजे नुसता पत्रा राहिलेला नाही. अमेरिकेत १ मे २०१८ पासून बनलेल्या, एकूण वजनमर्यादा १०,००० पौंडांपर्यंत असलेल्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि पिकअपमध्ये तो बहुधा फाळक्याच्या हँडलपाशी असतो. त्याहून मोठ्या ट्रकांतही तो सहसा दिलेला असतोच. ट्रेलर जोडलेला असताना या कॅमेऱ्याचा उपयोग जवळपास शून्य. त्याला ट्रेलरचं पोट दिसतं. पण मुक्कामी पोचून ट्रेलर सोडला आणि किराणा आणायला गावात गेलात की कॅमेरा हवाच असतो. त्या एका हंगामात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

दुसरं नुकसान सामानाचं. आम्ही ट्रेलरच्या पायांखाली ठेवायचे लाकडी ठोकळे हौद्यात ठेवतो. फाळका नसलेल्या त्या हंगामात एका चढावर दोन ठोकळे घसरून रस्त्यावर पडले. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. पण मागे मोटारसायकल असती तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. सैल सामान वाहून नेण्याविरुद्ध सर्व ५० राज्यांत कायदे आहेत. फाळका काढणार असाल तर हौद्यातली प्रत्येक वस्तू पट्ट्याने बांधलेली हवी किंवा झाकणाच्या पेटीत हवी. जाळी लावून भागवतात काहीजण. जाळी हलक्या सामानाला ठीक आहे, लोखंडाला आणि लाकडाला नाही.

मग काढावा कुणी

जो वर्षातले आठ-दहा महिने ट्रेलरमध्येच राहतो आणि दर दोन-तीन दिवसांनी जोड-सोड करतो, त्याने. ज्याला जोडताना मदतीला दुसरं माणूस नसतं आणि खांद्याच्या दुखण्यामुळे जड फाळका वर-खाली करणं त्रासाचं होतं, त्याने. आणि ज्याचा फाळका अनेक भागांत उघडणारा आहे, त्याने तरी विचार करावा. जीएमसी या अमेरिकी ट्रक कंपनीचा मल्टिप्रो हा त्यातला ओळखीचा प्रकार. मागच्या बंपरखाली बॉलमाउंट (साधा ट्रेलर ओढायच्या गोळ्याचा दांडा) लावलेला असेल तर त्याचा आतला लहान फाळका उघडताना त्यावर आपटू शकतो. असा फाळका महागही असतो आणि जडही.

या लोकांनाही मी पूर्ण काढण्यापेक्षा इंग्रजी व्ही अक्षरासारखा मध्ये खोलगट असलेला फाळका सुचवते. तो मूळ फाळक्याच्याच बिजागऱ्यांवर बसतो, पिनबॉक्स मधल्या खोलगट भागातून जातो आणि सामान बऱ्यापैकी अडतं. स्ट्रॉमबर्ग कार्लसन ही त्यातली जुनी माहितीची कंपनी. कॅमेरा मात्र वेगळा हलवावा लागतो.

फाळका खाली पाडलेल्या अवस्थेत गाडी चालवणं हा तिसरा पर्याय कुणीतरी सुचवतंच. तो नको. किंगपिनपासून बंद फाळका ४८ इंचांवर, उघडा फाळका आणखी साधारण २४ इंच मागे. त्याचा कोपरा पिनपासून सुमारे ७९ इंचांवर जातो. काटकोनात वळताना तो कोपरा ट्रेलरच्या पुढच्या भिंतीच्या किंवा पायांच्या अगदी जवळ येतो. शिवाय खड्ड्यांत तो त्याच्या बाजूच्या आधारतारांवर आदळत राहतो.

काढायची पद्धत

दोन माणसं लागतात. सपाट जागा, ट्रेलर सोडलेला, ट्रक बंद, जमिनीवर जाड घोंगडी किंवा गोधडी पसरलेली. बंपरच्या वरच्या पृष्ठभागावर आधी रंगाऱ्याचा टेप चिकटवा. पहिला ओरखडा नेहमी तिथेच पडतो.

सुरुवात तारांपासून करा. कॅमेरा आणि कुलुपाच्या तारांचा जोड ट्रकप्रमाणे हौद्याच्या मागच्या खालच्या बाजूला किंवा मागच्या दिव्यामागे असतो. नेमकी जागा मालकपुस्तिकेत मिळते. जोड सोडल्यावर तारेच्या टोकाला एक लांब सुतळी बांधा आणि मग तार बाहेर ओढा. सुतळी जागेवर राहू द्या. परत बसवताना ती सुतळीच तार आत ओढून घेते. या एका सुतळीने माझा तासभर वाचवला आहे. ट्रकच्या बाजूचं उघडं टोक पाणी जाणार नाही असं झाका.

आता फाळका थोडा वर उचला म्हणजे बाजूच्या आधारतारा सैल पडतील. एकाने धरून ठेवायचं, दुसऱ्याने चपट्या पेचकसाने तारेच्या टोकाची स्प्रिंगपट्टी उचलून टोक खिळ्याच्या डोक्यावरून सरकवून काढायचं. दोन्ही बाजू सुटल्या की फाळक्याचं सगळं वजन तुमच्या हातात आहे, हे विसरू नका. हळू उघडायला मदत करणारा दांडा असेल तर तोही सोडवा. काही फाळक्यांत पिळाची सळई असते, ती ताणाखाली असते. तुमच्या ट्रकला ती असेल तर पुस्तिकेतली कृती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बहुतेक ट्रकांत फाळका साधारण ४५ अंशांवर आणला की उजवी बिजागरी वर उचलून मोकळी होते. मग संपूर्ण फाळका उजवीकडे सरकवला की डावी सुटते. जोर लावावा लागत असेल तर कोन चुकतोय. थोडा वर-खाली करून पाहा.

ठेवताना घोंगडीवर आडवा ठेवा, कोपऱ्यावर उभा करू नका, आणि उघड्यावर तर मुळीच नको. फाळके चोरीला जाणं हा अमेरिकेत जुना उपद्रव आहे, कारण जे दोन माणसं मिनिटात करू शकतात ते चोरही करू शकतात. फाळका ट्रकवरच ठेवणाऱ्यांनी उजव्या बिजागरीभोवती पाइपाला लावतात तसा स्क्रूचा क्लॅम्प आवळावा. काही डॉलरांत काम होतं.

फाळका ठेवून जोडायचा क्रम

१. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. ही पायरी कधीही वगळायची नाही.

२. फाळका पाडा. ट्रक मागे घ्यायला सुरुवात करण्याआधी, लांबूनच.

३. ट्रेलरचे पाय वर-खाली करून पिनबॉक्सचा तळ हिचच्या वरच्या सपाट पाटापेक्षा अर्धा ते एक इंच खाली आणा. पाट ट्रेलरला किंचित उचलत आत जायला हवा. पिन वर राहिला तर तो जबड्याच्या वरच्या वर बसतो, बाहेरून अडकल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच वळणावर निसटतो.

४. सरळ रेषेत मागे या. जबडा बंद झाल्याचा आवाज येतो, पण कानांवर विसंबू नका. उतरा, बॅटरीच्या उजेडात जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का आणि पिनबॉक्स व पाट यांत फट नाही ना, ते डोळ्यांनी पाहा. मग हँडलची सुरक्षाखीळ घाला.

५. ब्रेकअवे तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) आणि सात पिनांचा प्लग (ट्रेलरच्या दिव्यांना आणि ब्रेकना वीज देणारा) जोडा. प्लग बंपरवर असेल तर वायर बंद फाळक्यावरून घासत जाते, म्हणून हौद्याच्या आत वेगळा सॉकेट बसवून घ्या. फाळका ठेवणाऱ्यांनी हा खर्च जरूर करावा.

६. पाय अजून जमिनीवर, अडण जागेवर, फाळका अजून खाली. केबिनमधल्या ब्रेक कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरा आणि ट्रक अलगद पुढे ओढा. ही ओढचाचणी फाळका वर करून करणारे मी पाहिले आहेत. चाचणी अपयशी ठरली तर पिनबॉक्स थेट फाळक्यात घुसतो. तो खाली असेल आणि पाय टेकलेले असतील तर ट्रेलर आपल्या जागी उभा राहतो.

७. चाचणी पार पडली की फाळका वर करा आणि कुलूप लावा. काही ट्रकांत किल्लीवरच्या बटणाने फाळका आपोआप खाली येतो. गाडी वळलेल्या स्थितीत उभी असताना चुकून बटण दाबलं तर तो ट्रेलरवर आदळू शकतो.

८. शेवटी पाय पूर्ण वर, अडण उचला, दिवे तपासा.

सोडायचा क्रम

माझं नुकसान सोडताना झालं. तिसरीच सहल, संध्याकाळ, पाऊस, मुलं भुकेली. पाय टेकवले, प्लग काढला, हँडल ओढलं आणि ट्रक पुढे घेतला. फाळका वरच होता. पिनबॉक्सने तो मधोमध वाकवला आणि कॅमेऱ्यासकट हँडल तोडलं. फाळका नवा घ्यावा लागला. घाई झाली की माणूस नेमकी तीच पायरी गाळतो जिचा परिणाम लगेच दिसत नाही.

म्हणून आता ट्रकमधून उतरल्यावर अडण लावायचे आणि लगेच फाळका पाडायचा, पायांना हात लावण्याआधी. ट्रक आणि ट्रेलर तिरके उभे असतील तर उघडणारा फाळका ट्रेलरला लागत नाही ना ते आधी पाहते. हिचच्या हँडलला मी लाल कापडाची लांब पट्टी बांधली आहे. तिचं दुसरं टोक फाळका वर असताना त्याच्या कडीत अडकवलेलं असतं. फाळका पाडायला गेलं की पट्टी सुटते. सुटलेली पट्टी लोंबताना दिसल्याशिवाय घरातल्या कुणीही हँडलला हात लावायचा नाही, हा नियम मुलांनाही पाठ आहे.

मग ठोकळ्यांवर पाय टेकवायचे, ट्रकवरचा भार थोडा हलका होईपर्यंत. प्लग आणि ब्रेकअवे तार काढायची. सुरक्षाखीळ काढून हँडल ओढायचं. जबडा घट्ट वाटला तर ट्रक किंचित मागे रेटला की सैल होतो. ट्रक फूटभर पुढे घ्यायचा, थांबायचं, उतरून ट्रेलर पायांवर नीट उभा आहे का पाहायचं. तो नीट असेल तर पिनबॉक्स फाळक्याच्या कडेपलीकडे जाईपर्यंत हळूहळू पुढे जायचं, आणि फाळका वर करून लाल पट्टी पुन्हा कडीत अडकवायची.